उलटा छापलेला रस्ता

घरमालकांच्या अटी मी नोकरीपायी पुष्कळ ऐकल्या आहेत. मटण शिजवायचं नाही, मोटर दोनदा लावायची नाही, पाहुणे मुक्कामाला ठेवायचे नाहीत. इंदापूरच्या सरांची अट एकच होती, आणि तशी अट मी आधी कुठं ऐकली नव्हती, नंतरही नाही.

"जिना चढताना पाय वाजवत चढायचं," ते म्हणाले. "चोरावानी यायचं न्हाय. कुणीतरी आलंय हे मला खाली कळाय पायजे."

जिना लोखंडी होता, घराच्या बाहेरून चढणारा. सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. पण मी बूट आपटत वर गेलो की खालून आवाज यायचा, "डॉक्टर का?"

"हो सर."

"बरं."

एवढंच. मग खालचं दार ओढल्याचा आवाज यायचा. माझी वाट बघायची आणि मी आलो की दार लावून घ्यायचं, माझ्याशी बोलायचं मात्र नाही, असा तो प्रकार होता.

मी जनावरांचा डॉक्टर. इंदापूरच्या दवाखान्यात बदली झाली तेव्हा बायको बारामतीत शिक्षिका होती आणि मुलगा तिथंच शाळेत, म्हणून घर हलवायचं नाही असं ठरलं. शनिवारी दुपारी मी बारामती गाठायचो, सोमवारी सकाळी परत. मधले दिवस एकट्याचे. सरांचे सगळेच दिवस एकट्याचे होते.

ते हायस्कुलातून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना ड्रॉइंगचे सर म्हणायचं. घरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. वडिलांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं, ते कधीच बंद झालं होतं. दोन्ही बहिणी लग्न होऊन सोलापूरकडं. सर उंच, हडकुळे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि पायजमा. बोटांची टोकं पिवळीधमक. लोकांना वाटायचं तंबाखू. ते ॲसिडचे डाग होते. माझ्या हातांना गोठ्याचा वास आणि त्यांच्या बोटांना तो पिवळा रंग, आम्ही दोघंही कितीही हात धुतले तरी ओळखू येणारी माणसं.

आमच्या चौकातला मेडिकलवाला त्यांचा विद्यार्थी. तो सांगायचा, "आमाला सरांनी डोंगर काढू दिलं न्हाईत कधी. दोन डोंगर, मधी सूर्य, खाली नदी, हे काढलं की वही परत. म्हणायचे, इंदापुरात डोंगर कुठं बघितलास? उजनीचं पाणी काढ. सूर्य कुणाच्या घरावरनं उगवतो ते उद्या बघून ये, मग काढ." तो हसला आणि पुढं म्हणाला, "मी गेलो हुतो बघाय. गिरणीवाल्याच्या पत्र्यावरनं उगवतो."

असं मुलांना सांगणारा हा माणूस स्वतः मात्र इंदापूर कधीच काढत नसे. तो एक रस्ता काढायचा. दुसऱ्या शहरातला. तोच, पुन्हा पुन्हा.

त्यासाठी त्यांच्या पडवीत उसाच्या रसाचा चरक होता. एसटी स्टँडजवळच्या रसवंतीवाल्यानं मोटरवरचा नवा घेतला तेव्हा त्याचा हाताचा जुना चरक सर हातगाडीवरून घरी घेऊन आले. बारामतीला नेऊन त्याचे रूळ लेथवर गुळगुळीत करून आणले, मधून पाट सरकेल अशी सोय केली, आणि झालं छापयंत्र. चाकाची घुंगरं तेवढी तशीच ठेवली. मी एकदा म्हटलं, "सर, घुंगरं कशाला?"

"एवढं मोठं चाक एकट्यानं फिरवायचं," ते म्हणाले, "कायतरी वाजाय नको का?"

गल्लीत नवीनच राहायला आलेली एक बाई एका दुपारी कळशी घेऊन दारात उभी राहिली. "सर, च्यार गिलास रस मिळंल का? पाव्हणं आल्यात."

सर गंभीरपणे म्हणाले, "हितं कागदाचा रस निघतो ताई. तुमच्या पाव्हण्यास्नी चालंल का?" बाई गोंधळून परत निघाली. सरांनी तिच्या हातातून कळशी घेतली, भर उन्हात स्टँडवर गेले आणि रस आणून दिला.

चित्र कसं निघायचं ते मी कितीदा तरी जिन्याच्या पायरीवर बसून पाहिलं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा काळा थर द्यायचा. त्यावर सुईनं रेघा ओढायच्या. पत्रा ॲसिडमध्ये ठेवला की रेघ ओढलेल्या जागी ॲसिड धातू खातं. खाताना बारीक बुडबुडे येतात, ते पिसानं हलकेच बाजूला करायचे. ते पीस आणायचं काम माझ्याकडं होतं. "कोंबड्यांच्या फार्मवर जाता न्हवं? एक चांगलं बघून आना. मोडकं नको." मग मेण पुसायचं, रेघांत शाई भरायची, वरची शाई मऊ फडक्यानं टिपायची, ओला कागद ठेवायचा, त्यावर घोंगडीचा तुकडा, आणि चाक फिरवायचं. घुंगरं वाजायची. सर कागदाची दोन टोकं धरून सोलल्यासारखा तो वर उचलायचे आणि खालून तो रस्ता निघायचा.

उजव्या हाताला चर्च. उंच टोकदार मनोरा, वर क्रूस, पुढं बुटकी भिंत आणि तिच्यावर आलेल्या झाडाच्या फांद्या. डाव्या हाताला घरांची ओळ. बेकरी, सायकलचं दुकान, मग लाकडी सज्जाचं एक जुनं घर आणि त्याला बाहेरून चढणारा जिना. विजेच्या तारा. रस्त्यावर माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही. दुकानांच्या पाट्या कोऱ्या.

हे कागद ते वाटून टाकायचे. न्हाव्याच्या आरशाशेजारी एक होता, गिरणीत एक, मेडिकलमध्ये एक, भिगवणला हमरस्त्यावरच्या मासळीच्या खानावळीत एक. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं सही. लोक विचारायचे, "सर, गोवा का हो?" सर म्हणायचे, "व्हय, गोवा." दुसरा विचारायचा, "मुंबई दिसतीय." "व्हय, मुंबई." कुणाशी वाद नाही.

मला दिलेला कागद मी खोलीत लावला होता. एका संध्याकाळी मी न राहवून विचारलं, "सर, दरवेळी हाच रस्ता का?"

"मला एवढाच येतो," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांची आणखी एक गोष्ट गावाला ठाऊक होती. ते पुण्याला जात नसत. कागद, शाई, जस्ताचे पत्रे, सगळं पुण्यालाच मिळायचं, पण ते एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडून मागवायचे. बहिणीच्या घरचं लग्न पुण्यात होतं तेव्हा आहेर पाठवला, स्वतः गेले नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा सगळ्यांनी पुण्याचं मोठं हॉस्पिटल सुचवलं. सर म्हणाले, "डोळा गेला तरी चालंल." शेवटी मी त्यांना बारामतीला नेलं. ऑपरेशन झालं आणि दोन दिवस ते आमच्या घरी राहिले.

माझी बायको पोळ्या लाटता लाटता बोलणारी बाई. तिनं पहिल्याच जेवणाला विचारलं, "सर, मुलंबाळं किती?"

माझा घास हातातच राहिला. मी दोन वर्षं त्यांच्या घरात राहत होतो आणि त्यांचं लग्न झालं नसावं असं धरून चाललो होतो.

"एक मुलगी," सर म्हणाले. "पुण्याला असती."

"आणि सरांच्या मिसेस?"

"त्याबी तितंच."

बायकोनं त्यांच्या ताटात पोळी वाढली.

सोमवारी गाडीनं आम्ही इंदापूरला निघालो. मी तोवर जुनी गाडी घेतली होती. सर डोळ्यांवर काळा चष्मा लावून शेजारी बसले होते. पिंपळी मागं पडली. मग समोर बघतच बोलायला लागले.

पुण्यात कॅम्पात ते तरुणपणी एका छापखान्यात कामाला होते. ॲसिडनं पत्रा कोरायची ही कला, एचिंग, तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिकले. चर्चसमोरच्या लाकडी सज्जाच्या घरात भाड्यानं राहायचे. घर ज्यांचं होतं त्यांची मुलगी नर्स होती. "ती ख्रिस्ती, आमी मुसलमान. रजिस्टर लग्न केलं. तिच्या वडलांनी च्या पाजला आनि म्हनाले, वरची खोली तुमची."

मुलगी दोन वर्षांची असताना इंदापूरहून सांगावा आला. वडिलांना अर्धांग झाला होता. सर आले. दुकान बघायला कुणी नव्हतं, बहिणी लग्नाच्या होत्या. बायको मुलीला घेऊन येऊन राहिली, पण तिची रजा संपली, ती परत गेली. आधी सर महिन्याला जायचे. मग सणाला. मधेच हायस्कुलात नोकरी लागली. वडील अंथरुणातून उठले नाहीत आणि पुष्कळ वर्षं गेलेही नाहीत.

"मग भांडण झालं?" मी विचारलं.

"न्हाय ना." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भांडण झालं असतं तर मिटवायला तरी गेलो असतो. भांडणच न्हाय. एका दिवाळीच्या सुट्टीत जायचं ऱ्हायलं. मग वाटलं, आता कोंच्या तोंडानं जाऊ. म्हटलं, पुढच्या दिवाळीला जाऊ. तवा तर आनखीच लाज वाटाय लागली."

उसाचे ट्रॅक्टर येत होते. मी त्यांना वाट देत गाडी चालवत राहिलो. मी फक्त विचारलं, "चित्रात रस्त्यावर कुणीच कसं नसतं?"

"मी निघालो तवा दुपार हुती," ते म्हणाले. "सगळी झोपली हुती. तसाच दिसला मला शेवटचा."

त्यानंतर काही महिन्यांनी, मधल्याच एका वारी मी जेवायला घरी आलो तर दारात पुण्याची गाडी उभी होती. पडवीत चाळिशीच्या पुढची एक बाई खुर्चीवर बसली होती. खांद्याला ऑफिसची पिशवी, केस आखूड. सर तिच्यासमोर उभे होते, शाळेत मुख्याध्यापकांपुढं उभं राहावं तसे. मी मागं फिरणार तेवढ्यात ते म्हणाले, "डॉक्टर, थांबा. जाऊ नका." त्या आवाजात इतकी अजिजी होती की मी पायरीवर बसलो.

ती सरांची मुलगी होती. सोलापूरच्या रस्त्यानं जाताना भिगवणच्या खानावळीत जेवायला थांबली होती. भिंतीवर चर्चचं चित्र दिसलं, म्हणून उठून जवळ गेली तर खाली वडिलांची सही. खानावळवाल्यानं सांगितलं, इंदापूरचे ड्रॉइंगचे सर देतात. ती दोन आठवडे विचार करत राहिली आणि मग आली.

"मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "मला एक चित्र हवंय. आईला हल्ली काही आठवत नाही. मला ओळखते, कधी ओळखत नाही. सारखी म्हणते, मला घरी ने. घर म्हणजे ते, चर्चसमोरचं. ते पाडलं, तिथं इमारत झाली. तिला नेऊन दाखवलं तर घाबरली, म्हणाली हे नव्हे. आमच्याकडं त्या घराचा एक फोटो नाही. म्हटलं, चित्र लावलं भिंतीवर तर थोडी शांत होईल."

त्या सगळ्या बोलण्यात तिनं सरांना कशानंही हाक मारली नाही.

सरांनी आतून कागद आणला. तिनं तो गुडघ्यांवर धरून पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाली, "चर्च तेच आहे. पण हा आमचा रस्ता नाही. मला वाटलं होतं तो असेल."

सर मोरीकडं गेले. दाढीचा आरसा खिळ्यावर असायचा, तो काढून आणला आणि चित्रासमोर धरला. आरशात चर्च डावीकडं गेलं, घरांची ओळ उजवीकडं आली.

बाईनं तोंडावर हात ठेवला. "हा आमचा जिना," ती म्हणाली. "ही बेकरी. इथून आई मला शाळेत सोडायची."

पत्र्यावर जे जसं काढावं ते कागदावर उलटं उमटतं. म्हणून चित्रकार पत्र्यावर आधीच उलटं काढतात. सर मुद्दाम सरळ काढायचे. मी त्यांना नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "पत्र्यावर रस्ता सुलटा हाय. पत्रा माझ्याजवळ ऱ्हातो. कागद काय, वाटून टाकायचा. कुणी ओळखाय नको."

पण ते नंतर. त्या दुपारी मुलगी डोळे पुसून म्हणाली, "आरसा धरून आईला कसं दाखवणार? आणि रस्त्यावर माणसं का नाहीत? ती विचारेल, सगळे गेले कुठं."

"नवीन करतो," सर म्हणाले. "सुलटं. मानसांसकट."

मला वाटलं होतं, सोपं काम आहे. समोर उलटा कागद आहे, तोच पत्र्यावर जसाच्या तसा उतरवायचा. पण सरांचा हात ऐकेना. इतकी वर्षं तो रस्ता एका बाजूनं काढायची सवय. चर्चच्या भिंतीपाशी आले की सुई आपोआप जुन्या बाजूला वळायची. पहिला पत्रा वाया गेला. दुसरा ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिला आणि मनोऱ्याच्या रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग झाला. संध्याकाळी मी जिना वाजवत चढायचो तेव्हा "डॉक्टर का?" असा आवाज यायचा बंद झाला. ते पत्र्यावर वाकलेले असायचे, ऑपरेशन झालेला डोळा भिंगाला लावून.

त्या दिवसांत त्यांच्याकडं मुलीचे फोन यायला लागले. दोघांना बोलायला दुसरा विषय नव्हता, म्हणून ते रस्त्याविषयी बोलायचे. मला वर ऐकू यायचं. "बेकरीला पायऱ्या हुत्या का गं? एक का दोन? ... सायकलवाल्याच्या दारात काय असायचं? ... टायर व्हय, टायर. आठवलं." एकदा सरांचा आवाज आला, "फादरच्या कुत्र्याचा एक कान मोडका हुता. तू त्याला पाव घालायचीस. तुला न्हाय आठवायचं, तू बारकी हुतीस." त्या रात्री ते ताटात वाढलेलं तसंच ठेवून पडवीत येरझाऱ्या घालत होते.

तिसरा पत्रा जमला. घुंगरं वाजली तेव्हा मी धावत खाली आलो. कागद वर आला तर चर्च डाव्या हाताला होतं आणि रस्ता माणसांनी भरलेला. पाट्यांवर अक्षरं होती. बेकरीवाला दारात उभा, सायकलवाला चाकाशी वाकलेला, शाळेला निघालेल्या मुली, पायरीवर मोडक्या कानाचा कुत्रा. सज्जात केस वाळवणारी एक बाई. सर घामानं भिजले होते. "जमलं का हो?" त्यांनी मला विचारलं. चित्राबद्दल त्यांनी माझं मत पहिल्यांदाच विचारलं.

"कागद कुरियरनं पाठवून देऊ," सर म्हणाले. मुलगी फोनवर म्हणाली, "तुम्ही आणून दिलंत तरच घेईन."

एका रविवारी मी बारामतीला न जाता त्यांना पुण्याला घेऊन गेलो. त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि त्याच्या घड्या मोडल्या नव्हत्या. फ्रेम मांडीवर घेऊन बसले. हडपसर आलं तसं म्हणाले, "गाडी जरा सावकास घ्या." मी आधीच सावकाश चालवत होतो.

दार मुलीनं उघडलं. "या पप्पा," ती म्हणाली. सर उंबऱ्यातच थांबले, मग चप्पल काढण्यात उगाच वेळ घालवला.

सरांच्या पत्नी खिडकीजवळ आरामखुर्चीत बसल्या होत्या. पांढरे केस बारीक कापलेले, गाऊनवर शाल. मुलीनं माझी ओळख डॉक्टर म्हणून करून दिली, तशा त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "राउंडला आलात? सगळे पेशंट झोपलेत." मी म्हटलं, "मग बरं आहे, सिस्टर." त्या समाधानानं हसल्या.

सरांनी चित्र त्यांच्या समोरच्या भिंतीला टेकवून स्टुलावर ठेवलं आणि बाजूला होऊन उभे राहिले. बाई पाहत राहिल्या. मग पुढं वाकल्या आणि काचेवर बोट फिरवायला लागल्या.

"ही बेकरी. हा मेला पाव द्यायला नेहमी उशीर करायचा. हा सायकलवाला. हा फादरचा कुत्रा, याचा कान बघा. हा आमचा जिना." बोट जिन्यावरून सज्जात गेलं. "ही मी. न्हालेय वाटतं आज." मग ते बोट रस्त्यावर इकडून तिकडं फिरलं, परत फिरलं. "आमचे हे दिसत नाहीत यात." क्षणभर त्यांचा चेहरा कसनुसा झाला. मग स्वतःशीच मान हलवत म्हणाल्या, "बरोबर. ते गावी गेलेत ना. मामंजींना बरं नाही."

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन मुलगी उभी होती. "आई, अगं, हेच तर..." ती बोलायला लागली. सरांनी तिच्याकडं पाहिलं आणि हात वर करून तिला थांबवलं.

बाईंनी त्यांच्याकडं मान वळवली. "तुम्ही काढलंत चित्र?"

"हो," सर म्हणाले.

"फार छान काढलंत. कुठले तुम्ही?"

"इंदापूरचा." सरांची बोली बदलली होती. इंदापुरात मी त्यांना असं स्वच्छ पुणेरी बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"इंदापूर!" त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग आमचे हे तुमच्याच गावात आहेत. बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं. भेटतात का तुम्हाला?"

"भेटतात."

"मग माझा एक निरोप सांगाल? त्यांना म्हणावं, घाई करू नका. वडिलांना आधी नीट बरं वाटू द्या. इकडची काळजी नको, पोरगी मजेत आहे. आणि मी रागावलेली नाही म्हणावं. त्यांना उगीच वाटत राहतं की मी रागावलेय. फक्त येताना दिवसाउजेडी या म्हणावं, रात्रीच्या गाडीनं नको." हे सगळं त्या हसत हसत सांगत होत्या, घरच्या माणसाची खोड सांगावी तसं. "सांगाल ना? विसराल."

"नाही विसरणार," सर म्हणाले.

चहा झाला. आम्ही निघालो. मुलगी खाली गाडीपर्यंत आली आणि सरांच्या शर्टाच्या बाहीची घडी उगाच हातानं सारखी करत राहिली.

त्यानंतर सर एक रविवार आड पुण्याला जायला लागले. एसटीनं, एकटे, सकाळच्या गाडीनं. बाईंच्या लेखी ते इंदापूरचे चित्रवाले. "दिलात का निरोप?" त्या विचारायच्या. "दिला." "काय म्हणाले?" "येतो म्हणाले." मग त्या नवा निरोप द्यायच्या, किंवा तोच परत द्यायच्या. माझी बदली बारामतीला झाली, मी सरांची खोली सोडली, तरी हे चालूच राहिलं. आपण कोण ते सरांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलीनं पुष्कळ सांगून पाहिलं. ते म्हणायचे, "तिच्या मनात आज तिचा तरना नवरा येनार हाय. ह्या वयाचा मानूस आनून उभा केला तर तिनं काय करायचं?" गेल्या थंडीत बाई गेल्या. सर तेव्हा तिथंच होते, मुलीच्या घरी, महिनाभर राहायला गेलेले.

पण मला आठवतो तो त्या पहिल्या रविवारचा परतीचा रस्ता. यवत मागं पडलं. सरांचे हात मांडीवर, जिथं येताना फ्रेम होती तिथं. ऊन कलायला लागलं होतं. पाटसच्या पुढं ते एकाएकी म्हणाले, "डॉक्टर, गाडी जरा बाजूला घ्या."

मला वाटलं, उलटी होतेय. मी एका लिंबाखाली गाडी थांबवली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडायला वाकलो. त्यांनी माझा हात धरला.

"तुमी तितं हुता," ते म्हणाले. "तुमी ऐकलंय सगळं. तिनं तो निरोप चित्रवाल्यापाशी दिला. मला कुठं दिला? मी घेऊन आलोय, पन मला तो मिळालाच न्हाय. तुमी सांगा मला. तिकडनं आलाय असं समजून सांगा."

मी इंजिन बंद केलं. मी सरळ बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "सर, पुण्याहून आलोय. घरी जाऊन आलो तुमच्या. बाईंनी निरोप दिलाय."

"काय म्हनल्या?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

"घाई करू नका म्हणाल्या. वडिलांना आधी नीट बरं वाटू द्या. मुलगी मजेत आहे. येताना दिवसाउजेडी या, रात्रीच्या गाडीनं नको." मी थांबलो. "आणि त्या रागावलेल्या नाहीत. तुम्हाला उगीच तसं वाटतं, म्हणाल्या."

सर मान खाली घालून ऐकत होते. शेजारून मोठ्या गाड्या धाडधाड जात होत्या आणि प्रत्येक गाडीसरशी आमची गाडी हलत होती.

मग त्यांनी विचारलं, "कशी म्हनली? त्वांड कसं हुतं?"

"हसत होत्या, सर."

"हसत हुती," ते म्हणाले. मग त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि बाहेर तोंड करून, माझ्याकडं पाठ फिरवून, मोठमोठ्यानं रडायला लागले.